विहीर रसायनाने नासली तर गावाला दुसरं पाणी कसं मिळवायचं

आमच्या शेजारच्या वाडीची विहीर नासल्याचं पहिल्यांदा कळलं ते चहातून. दूध ताजं, तरी चहा फाटायला लागला. मग भात शिजला की पिवळट दिसू लागला. जलसुरक्षकाने नेहमीप्रमाणे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली, तर पाण्याला दवाखान्यासारखा वास सुटला आणि बायकांनी कळशा तिथेच उपड्या केल्या. वाडीच्या वरच्या अंगाला कारखान्यांची वसाहत आहे. एका सरकारी कचेरीत आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "आधी कुणी केलं ते सिद्ध होऊ द्या, मग पाण्याचं बघू." त्या 'मग'ला अकरा महिने लागले. तोवर पोरं तेच पाणी पीत होती.

ते उत्तर चुकीचं होतं. पाणी कुणी नासवलं हा एक प्रश्न आहे आणि लोकांना आज प्यायला पाणी कोण देणार हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून नाही. पाणी देणं ही शासनाची जबाबदारी, खर्च कारखान्याकडून वसूल करणं हीसुद्धा शासनाचीच, आणि वसुली लांबली म्हणून पाणी थांबवता येत नाही. पुढे लिहिलेली प्रत्येक पायरी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यासाठी आहे.

बिछडीने काय शिकवलं

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८८च्या सुमारास तिथे एच-ॲसिड नावाचं रंगउद्योगात लागणारं रसायन तयार व्हायला लागलं. साधारण ३७५ टन उत्पादनामागे २,४४० टन विषारी गाळ तयार झाला आणि तो उघड्यावर पडला. सांडपाणीही तसंच सोडलं. ते सगळं जमिनीत मुरलं आणि विहिरींचं पाणी पिण्याच्या, जनावरांच्या, शेतीच्याही कामाचं राहिलं नाही. लोक इतके खवळले की १९८९च्या जानेवारीत जमावबंदी लागली आणि एच-ॲसिडचा कारखाना बंद पडला.

१९८९ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तिथली माती आणि पाणी तपासून अहवाल दिला. १३ फेब्रुवारी १९९६ला निकाल लागला: ज्याने प्रदूषण केलं त्यानेच नुकसानभरपाई द्यायची आणि जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही त्यानेच सोसायचा. हा खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला. कंपन्या अर्जावर अर्ज करत राहिल्या. शेवटी जुलै २०११मध्ये न्यायालयाने ती रक्कम १९९७पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरायला सांगितली.

१९८९ ते २०११ म्हणजे बावीस वर्षं झाली. निकाल गावाच्या बाजूचा होता, तरीही बावीस वर्षं. गुन्हेगार ठरेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर विहीर नासली तेव्हा जन्मलेली मुलगी शेवटच्या आदेशाच्या दिवशी लग्नाची झालेली असते.

कायद्याने जबाबदारी कुणाची

कचेरीत "हे आमच्याकडे येत नाही" ऐकायला मिळतंच. म्हणून एवढं पाठ असू द्या.

सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की प्रदूषणमुक्त पाणी हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचं पाणी हा पंचायतींचा विषय आहे, बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा नगरपालिकांचा. खेड्यात ग्रामपंचायत, तिच्या मागे जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आणि वर राज्य शासन, अशी ही साखळी आहे. शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिका आणि मोठ्या योजनांना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण.

नगरपरिषदेच्या हद्दीत राहत असाल तर १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाचं कलम ४९ काढून वाचा. सध्याचं पाणी अपुरं किंवा आरोग्याला अपायकारक असेल, तर वाजवी खर्चात मिळू शकणारं दुसरं पाणी मिळवून देणं हे तिथे नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांत घातलेलं आहे. मुख्याधिकाऱ्यांना दिलेल्या पत्रात या कलमाचा उल्लेख केला की पत्राचा सूर बदलतो.

"निधी नाही" हे उत्तर आलं तर रतलामचं नाव घ्या. मध्य प्रदेशातल्या त्या शहरात उघडी गटारं होती आणि दारूच्या कारखान्याचं सांडपाणी रस्त्यावरून वाहायचं. पैसे नाहीत असं नगरपालिकेने सांगितलं. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट लिहिलं की पैशांची चणचण ही वैधानिक कर्तव्य टाळण्याची सबब होऊ शकत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत

पिणं आणि स्वयंपाक या दोन्हींसाठी ते पाणी ताबडतोब थांबवा. उकळून पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट, जड धातू, क्षार तसेच राहतात. उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण वाढतं. टीसीएलही रसायनावर चालत नाही. पाण्यात फिनॉल असेल तर क्लोरीनशी मिळून त्याचा वास आणि चव आणखी बिघडते. वाडीत नेमकं असंच घडलं असणार.

आणि एक वही घाला. कुठल्या तारखेला कुणाला काय दिसलं, रंग, वास, तवंग, फाटलेला चहा, दगावलेली जनावरं, अंगावर उठलेलं पुरळ, सगळं तारखेनिशी. पुढे हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणाकडे, जायची वेळ आली तर मुदत मोजताना हीच वही कामी येते.

नमुना : इथेच बहुतेक प्रकरणं फसतात

गावात पाच महिलांना जलजीवन मिशनमध्ये (घरोघरी नळाने पाणी देण्याची केंद्राची योजना) क्षेत्रीय तपासणी संचाचं प्रशिक्षण दिलेलं असतं. तो संच चांगला आहे. पण तो सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह अशा नेहमीच्या गोष्टींसाठी आहे. क्रोमियम, शिसं, सॉल्व्हंट म्हणजे द्रावकं, कीटकनाशक त्यात सापडत नाहीत. संचात "ठीक" आलं म्हणजे पाणी ठीक, असं धरू नका. दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्वच्छता सर्वेक्षणानंतर मिळणाऱ्या लाल, पिवळ्या, हिरव्या कार्डाचंही तेच. ते मुख्यतः उद्भवाच्या, म्हणजे पाणी जिथून घेतो त्या जागेच्या, भोवतालच्या स्वच्छतेचं आणि जंतूंच्या धोक्याचं माप आहे. हिरवं कार्ड असलेल्या विहिरीतही क्रोमियम असू शकतं.

म्हणून प्रयोगशाळेकडे फक्त "रासायनिक तपासणी करावी" असं लिहून पाठवू नका. तसं लिहिलं की ठरलेले दहा-बारा घटक तपासून "पिण्यास योग्य" असा शिक्का येतो. काय तपासायचं ते आपण सांगायचं असतं, आणि ते कळायला एक सोपी वाट आहे. आसपासच्या कारखान्यांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेली संमतीपत्रं मिळवा. त्यात काय बनतं, किती सांडपाणी निघतं, कोणता घातक कचरा तयार होतो ते लिहिलेलं असतं. चामडं किंवा मुलामा देण्याचं काम असेल तर क्रोमियम, निकेल, सायनाइड, औषधं आणि रंग असतील तर फिनॉल आणि सेंद्रिय द्रावकं, खतं असतील तर नायट्रेट आणि फ्लोराइड मागा.

बाटली भरण्याची रीत अशी. बोअर असेल तर पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून पाइपात साचलेलं जुनं पाणी जाऊ द्या. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळा आणि काठोकाठ भरा. जंतुतपासणीची बाटली मात्र निर्जंतुक असते, ती खंगाळायची नाही आणि थोडी मोकळी ठेवायची. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी प्रयोगशाळेकडूनच छोट्या काचेच्या कुप्या आणाव्यात आणि हवेचा बुडबुडा न राहता भराव्यात. धातूंच्या नमुन्यात लागणारं आम्लही प्रयोगशाळाच देते. लेबलवर ठिकाण, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचं नाव लिहा. नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि दोन ग्रामस्थांच्या सह्यांचा पंचनामा करा, प्रत्येक बाटलीचा फोटो काढा. एक नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत, दुसरा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. एकाच विहिरीवर थांबू नका. वरच्या अंगाची एक आणि खालच्या अंगाच्या दोन-तीन विहिरीही घ्या. वर चांगलं आणि खाली वाईट दिसलं की प्रदूषण कुठून सुरू होतं ते नकाशावर उमटतं.

कारखान्याच्या नाल्याचा नमुना स्वतः घेऊन भागत नाही. तो पुरावा म्हणून टिकायचा तर मंडळाच्या अधिकाऱ्याने १९७४च्या जलप्रदूषण अधिनियमाच्या कलम २१प्रमाणे घ्यावा लागतो. मंडळाला लेखी मागणी करा आणि नमुना घेताना गावचे दोघे तिथे हजर ठेवा.

अहवाल आला की भारतीय मानक १०५०० (२०१२) शेजारी ठेवून वाचा. एक लिटर पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, फ्लोराइड १, दुसरा उद्भवच नसेल तर १.५. शिसं ०.०१, एकूण क्रोमियम ०.०५, पारा ०.००१, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम. शिसं, क्रोमियम, पारा, कॅडमियम आणि नायट्रेट यांना सवलतीची वरची मर्यादा नाही. "थोडंच जास्त आहे, चालेल" असं कुणी म्हणालं तर त्याला हे दाखवा.

ग्रामसभेचा ठराव आणि पत्र

पुढची सगळी गाडी ठरावावर चालते. ठरावात भावना कमी आणि आकडे जास्त हवेत. एक नमुना देतो:

"आजच्या ग्रामसभेत सर्वानुमते ठरविण्यात येते की, … येथील सार्वजनिक विहिरीच्या पाण्यात दि. … च्या अहवालानुसार क्रोमियम प्रति लिटर … मिलिग्रॅम आढळले असून ते मानकापेक्षा अधिक आहे. सदर उद्भव पिण्यासाठी बंद करण्यात यावा. … कुटुंबांतील … लोकांना उद्यापासून तात्पुरता पाणीपुरवठा व्हावा. कायमस्वरूपी पर्यायी उद्भवासाठी भूजल यंत्रणेने सर्वेक्षण करावे व जिल्हा परिषदेने अंदाजपत्रक तयार करावे. प्रदूषणाचे कारण निश्चित होण्याची वाट न पाहता वरील कार्यवाही करावी व खर्च संबंधितांकडून वसूल करावा."

शेवटचं, "वाट न पाहता"चं वाक्य वगळू नका. ते नसेल तर फाइल प्रदूषण मंडळाच्या अहवालासाठी टेबलावर पडून राहते.

ठरावाच्या प्रती गटविकास अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, ग्रामीण पाणीपुरवठ्याचे कार्यकारी अभियंता, जिल्हा आरोग्य अधिकारी, भूजल यंत्रणेचे वरिष्ठ भूवैज्ञानिक आणि प्रदूषण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय यांना द्या. प्रत्येक ठिकाणी शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पोच नसलेलं पत्र सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

टँकर, आणि त्यातली मेख

टँकर मागायला गेलात की टंचाई शाखेकडे बोट दाखवलं जातं. टंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते जून या काळाचा असतो आणि त्याचे निकष पाणी आटण्याचे असतात. तुमच्या विहिरीला पाणी भरपूर आहे, फक्त विषारी आहे. भर पावसात टँकर मागितला तर "टंचाई कुठे आहे?" असं विचारतात. अशा वेळी मागणी टंचाई म्हणून करू नका. "उद्भव दूषित झाल्याने आरोग्यास धोका" या कारणाने, आरोग्य अधिकाऱ्याचा शेरा जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत आणि २००५च्या कायद्याने त्यांना तातडीने हलण्याचे अधिकार आहेत.

वरच्या अंगाला खासगी चांगली विहीर असेल तर तिचं अधिग्रहण टँकरपेक्षा स्वस्त आणि खात्रीचं. त्या विहिरीचं पाणी आधी तपासा, आणि मालकाला मोबदला वेळेवर मिळेल याचा लेखी आग्रह धरा, नाहीतर दोन महिन्यांनी त्याची मोटर "जळते".

टँकरने माणशी रोज वीस लिटर धरतात. ते प्यायला आणि स्वयंपाकाला पुरतं, बाकी कशाला नाही. टँकर कुठून भरतो ते एकदा मागे जाऊन बघा. मी पाहिलेला एक टँकर त्याच नाल्याच्या खालच्या बाजूच्या विहिरीवर भरत होता.

काही गावांना शुद्धीकरण संयंत्र देऊ करतात. जलजीवन मिशनमध्ये दूषित उद्भवाच्या वस्त्यांना माणशी आठ ते दहा लिटर पाणी अशा संयंत्रातून देण्याची सोय आहे, पण ती तात्पुरती म्हणूनच. संयंत्र कोण चालवणार, गाळणीचे पडदे कोण बदलणार आणि त्यातून निघणारं जास्त विषारी पाणी कुठे सोडणार, ही तीन उत्तरं लेखी घ्या. सगळी द्रावकं त्यात अडकतात असंही नाही. संयंत्र आलं म्हणून कायमच्या पाण्याची मागणी कधीही सोडू नका.

कायमचं पाणी

इथे घाई महागात पडते. पहिली सूचना येते ती "पन्नास मीटरवर दुसरं बोअर मारू" अशी. आपल्याकडचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा, पाणी भेगांतून चालतं. भेग एकच असेल तर नवं बोअरही तेच विष उपसतं, आणि जोरात उपसा झाला की प्रदूषित पाणी अजून लवकर तिकडे ओढलं जातं. नवा उद्भव भूजलाच्या प्रवाहात प्रदूषणाच्या वरच्या अंगाला किंवा वेगळ्याच पाणलोटात हवा. ते ठरवणं भूवैज्ञानिकाचं काम. भूजल यंत्रणेच्या उद्भव प्रमाणपत्रावर "पाणी पुरेसं आहे" एवढंच नको. कारखान्यांचे घटक तपासून पाणी सुरक्षित आहे, असं लिहून घ्या.

बऱ्याचदा सगळ्यात बरा पर्याय भूजल नसतोच. शेजारून प्रादेशिक नळपाणी योजना जात असेल तर तिची वाढीव वाहिनी मागा. औद्योगिक वसाहतीला औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्वतःची पाणीयोजना असते, धरणातून शुद्ध केलेलं पाणी गावाच्या शिवारातून वसाहतीत जातं. ज्या वसाहतीच्या अंगाने विहीर नासली तिच्याच जलवाहिनीवर गावाला जोडणी मागण्यात काहीही गैर नाही, आणि अशी जोडणी मिळालेली गावं राज्यात आहेत.

जलजीवन मिशनचं माप माणशी रोज पंचावन्न लिटर. ते पाणी नळाने घरात, ठरलेल्या गुणवत्तेचं आणि नियमित हवं. आराखड्यात तुमचं गाव "पूर्ण" दिसत असेल, तर दूषित उद्भव म्हणून सुधारित आराखडा मागा. नासलेल्या विहिरीवर टाकी आणि नळ बसवून योजना पूर्ण होत नाही. छोट्या तातडीच्या कामांना वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायच्या) निधीतला पिण्याच्या पाण्याचा भाग वापरता येतो. मोठ्या योजनेची वाट अशी जाते: सर्वेक्षण, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. प्रत्येक टप्प्याला तारीख मागा आणि ती ग्रामसभेच्या फळ्यावर लिहा.

वसुली दुसऱ्या रुळावर

पाण्याची फाइल चालू असतानाच प्रदूषण मंडळाकडे वेगळी तक्रार द्या. जलप्रदूषण अधिनियमाच्या कलम ३२ने मंडळ विहिरीतल्या प्रदूषणावर तातडीचे उपाय करू शकतं, कलम ३३-अने कारखान्याचं पाणी, वीज तोडण्याचे किंवा तो बंद करण्याचे आदेश देऊ शकतं. पर्यावरणीय भरपाईही बसवू शकतं. त्या रकमेतून गावाच्या पाण्याचा खर्च भागवावा अशी मागणी तक्रारीतच लिहा.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा. कारखान्याची संमतीपत्रं, मंडळाचे तपासणी अहवाल, बजावलेल्या नोटिसा मागा. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवं. माणसाच्या जिवाशी संबंध असेल तर अठ्ठेचाळीस तासांत, आणि प्यायच्या विषारी पाण्याचा संबंध जिवाशी आहे हे अर्जातच ठळक लिहा.

तरीही कुणी हललं नाही तर

राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. महाराष्ट्र, गोवा, गुजरात त्याच्याकडे येतात. इथे मुदती कडक आहेत: पर्यावरणाच्या वादासाठी (कलम १४) कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, नुकसानभरपाई आणि पूर्ववत करण्यासाठी (कलम १५) पाच वर्षं, आणि सबळ कारण असेल तर दोन्हींना साठ दिवसांची सूट. आमच्याकडे सहा महिने कचेरीच्या फेऱ्यांतच गेले. तुम्ही तसं होऊ देऊ नका.

लवाद प्रदूषण आणि भरपाईचं बघतो. पाणीपुरवठ्याचं कर्तव्य बजावायला लावण्यासाठी उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ची याचिका जास्त थेट पडते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूर, जिथलं तुमचं कार्यक्षेत्र असेल तिथे. अंतरिम आदेशात फक्त तात्पुरतं पाणी मागा. ते लवकर मिळतं.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक आपत्तीग्रस्तांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणून अर्जदारांत गावातल्या दोन-तीन महिला असू द्या. तशीही पाण्याची पहिली झळ त्यांनाच बसते. त्याच इमारतीत स्थायी लोकअदालत असेल तर तीही बघा. लोकांना पाणी पुरवणं ही तिच्या कक्षेतली सार्वजनिक सेवा आहे, आणि तिथे शुल्क लागत नाही.

प्रांत किंवा तहसीलदार यांना दंडाधिकारी म्हणूनही अधिकार आहेत. सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ने देऊ शकतात. जुन्या संहितेतलं हे कलम १३३, रतलामच्या लोकांनी वापरलं तेच.

नळ सुरू झाल्यावर

नव्या पाण्याची पहिली तपासणी नळाच्या तोटीशी करा, टाकीशी नव्हे. मग दर तीन महिन्यांनी, त्याच कारखान्यांच्या घटकांसाठी. जुनी विहीर बुजवू नका. भूजलातलं प्रदूषण कमी होतंय की पसरतंय हे तिच्याच पाण्यावरून कळतं, आणि भरपाईचा दावा चालू असेल तर ती पुरावा आहे. तिच्यावर जाळी बसवा, हातपंपाचा दांडा काढून ठेवा, आणि लाल अक्षरांत "हे पाणी पिऊ नये, जनावरांना पाजू नये" असा फलक लावा. वाडीतला फलक दोन पावसाळ्यांत पुसला गेला होता आणि बाहेरून आलेले मेंढपाळ तिथेच मेंढ्यांना पाणी पाजताना दिसले. आता दर दिवाळीला अंगणवाडीच्या बाई मुलांना घेऊन तो रंगवून घेतात.